चौथ्या रविवारी काय विचारायचं

शुक्रवारी वाटलेलं पत्रक सोमवारी बाईंना परत दिसलं, ते पेन्सिलीच्या भुशाची पुडी होऊन. पहिल्या बाकावरच्या मुलाने ती जपून, चारही कोपरे दुमडून बांधली होती. "बाई, मी वर्गात कचरा नाही करत," तो म्हणाला. पुडीच्या वरच्या अंगाला बाईंच्याच अक्षरात 'प्रिय पालक' एवढं दिसत होतं. बाईंनी त्याला शाबासकी दिली आणि पुडी टोपलीत टाकली.

बाई तिसरीला शिकवत. वर्गात सव्वीस मुलं. नोकरीला एकवीस वर्षं झाली होती, त्यांतली नऊ याच शाळेत. राहायला दोन बसथांबे पलीकडे, एका दुमजली घराच्या वरच्या दोन खोल्या. खाली घरमालकीण, तिला ऐकू कमी यायचं. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात असायचा. महिन्यातून एकदा त्याचा फोन यायचा, आणि तीनदा 'बाकी काय' विचारून तो ठेवून द्यायचा.

गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बाई पत्रक लिहायच्या. एकच पान. या आठवड्यात काय शिकलो, पुढच्या आठवड्यात काय आणायचं, नखं कापा, पाण्याच्या बाटलीवर नाव घाला, सातचा पाढा पाठ करून घ्या. शुक्रवारी त्याच्या प्रती काढून त्या मुलांच्या दप्तरात घालायच्या आणि पालकांच्या फोनवरही पाठवायच्या. शाळेने असं करायला सांगितलं नव्हतं. बाईंनीच सुरू केलं होतं, आणि आता थांबवलं तर आपण हरलो असं त्यांना वाटलं असतं.

कारण पत्रक कुणी वाचत नव्हतं. पालकांनी वाचावं म्हणून बाईंनी सगळे उपाय करून पाहिले. खाली सहीची जागा ठेवली. सव्वीसपैकी चोवीस सह्या आल्या, पण त्यांतल्या अकरा एकाच हाताच्या होत्या. मधल्या सुट्टीत एका मुलीने सगळ्यांच्या आयांच्या सह्या करून द्यायचं काम पत्करलं होतं, आणि तिचं अक्षर खरोखर वळणदार होतं. मग बाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'बुधवारी रंगीत कागद आणावेत.' चौघांनी आणले. बाकीच्यांच्या घरून संध्याकाळी फोन आले : "बाई, तुम्ही आधी सांगत जा ना." फोनवर पाठवलेल्या पत्रकाला एक वडील दर आठवड्याला अंगठा दाखवायचे, तेही पाठवल्यापासून चार सेकंदांत. चार सेकंदांत एक पान वाचणारा माणूस बाईंनी आजवर पाहिला नव्हता.

"एकदा पाठवूच नका," शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर म्हणाले. "बघा कुणाच्या लक्षात येतंय का."

सर थट्टा करत होते, पण बाईंनी ते मनावर घेतलं. पहिला शुक्रवार गेला, कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी कागद काढलाच नाही, आणि मग सहा ते आठ काय करायचं ते त्यांना कळेना. फळीवरचे सगळे डबे खाली काढले, पुसले, परत लावले. एक डबा रिकामा निघाला. तो का ठेवला होता ते आठवत नव्हतं. दिवसभरात वर्गात जे जे घडायचं ते सांगायला घरी कुणी नव्हतं, म्हणून इतकी वर्षं आपण ते सव्वीस घरांना सांगत होतो, आणि तेही सांगितलं ते नखांचं आणि बाटल्यांचंच, हे बाईंना डबे पुसता पुसता पहिल्यांदा जाणवलं.

शनिवारी सकाळी फोनवर निरोप आला.

'बाई, या आठवड्याचं पत्रक आलं नाही. मागच्या शुक्रवारीही नव्हतं. तुमची तब्येत बरी आहे ना?'

बाईंनी तो निरोप उभ्याने वाचला आणि मग खुर्चीत बसून परत वाचला. नंबर कुणाचा ते कळेना. त्यांनी विचारलं, 'आपण कोण?'

'बिट्टीची आई.'

बिट्टी म्हणजे खिडकीजवळच्या रांगेतली मुलगी. तिला सगळे घरच्याच नावाने हाक मारायचे. शांत. इतकी शांत, की हजेरी घेताना 'हजर' म्हणाली तरी बाईंना मान वर करून पाहावं लागे. तिला सोडायला-न्यायला आत्या यायची, पालकसभेलाही आत्याच. बाईंनी तिच्या आईला कधी पाहिलं नव्हतं. पहिलीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर आई-वडिलांचे दोन्ही नंबर होते, ते दोन्ही पाठवायच्या यादीत तसेच राहून गेले होते.

बाईंनी फोन लावला. पलीकडून आधी वाफेचा फुसकारा आला, मग आवाज.

"थांबा हं, बाहेर येते." दार लोटल्याचा आवाज झाला. "बोला, बाई. मी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात आहे, इस्त्रीवर. आत काही ऐकू येत नाही."

"तुम्ही पत्रक वाचता?" बाईंनी विचारलं. विचारायचं होतं दुसरंच, पण तोंडून हेच निघालं.

"वाचते की. दर शुक्रवारी. दोनदा." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुम्हाला माहीत असेलच, बिट्टी माझ्याकडे नसते. मी मध्यंतरी आजारी होते, दीड वर्ष. डोकं ठिकाणावर नव्हतं. तिला घरात एकटीला ठेवून निघून गेले होते एकदा. आता बरी आहे, गोळ्या चालू आहेत. पण कोर्टाच्या कागदावर तेच आहे. महिन्यातल्या चौथ्या रविवारी तिला भेटते. आत्याच्या घरी, दोन तास. आत्या समोरच बसलेल्या असतात."

"बरं."

"बाई, दोन तास फार असतात हो. आणि महिनाभराने भेटलेल्या पोरीला विचारायचं काय? कशी आहेस, तर बरी आहे. जेवलीस का, तर हो. संपलं. मग तुमच्या पत्रकात असतं ते विचारते. तुम्ही लिहिलं होतं सातचा पाढा. मी म्हटलं, म्हणून दाखव. तिने दाखवला. मग नखं बघितली, तेवढाच हात हातात येतो. पण पाढा आणि नखं मिळून होतात दहा मिनिटं."

"मी पाठवते," बाई म्हणाल्या. "आजच पाठवते."

त्या दिवशी दुपारभर त्या टेबलाशी बसल्या. 'नखं कापा' लिहिलं आणि खोडलं. दोन तास पुरेल असं काय लिहायचं? मग त्यांनी आठवड्यात जे घडलं तेच लिहायला घेतलं, जसं कुणी समोर बसलं असतं तर सांगितलं असतं तसं. नावं घालायची नाहीत, हे त्यांनी ठरवलं. नाव आलं की ज्याचं आलं नाही त्याची आई रुसणार.

'मंगळवारी एकाने खिशातून गोगलगाय आणली. तिचं नाव वर्गाने मतदान घेऊन ठेवलं. तिला भिंतीवरून खिडकीपर्यंत जायला पूर्ण गणिताचा तास लागला, त्यामुळे गणित झालं नाही, याबद्दल क्षमस्व. एकीला भागाकार आला तेव्हा ती बाकाखाली जाऊन हसून आली. एकीने चंद्राला पापण्या काढल्या. का, असं विचारलं तर म्हणाली, तो झोपतो तेव्हा अमावास्या होते.'

चंद्र काढणारी बिट्टी होती.

शनिवारी संध्याकाळी पत्रक गेलं. सोमवारी शाळेच्या दारात एका आईने बाईंना गाठलं. "बाई, ती बाकाखाली हसणारी आमचीच ना? घरी पण तशीच करते, पलंगाखाली जाते." मागून एक आजोबा म्हणाले, "गोगलगाय आमच्या नातवाचीच. शर्टाचा खिसा बघा अजून चिकट आहे." दोन आठवड्यांत रोज कुणी ना कुणी थांबायला लागलं. कोण कुणाचं, यावर पालकांची आपसात पैज लागायची. ज्यांचं मूल त्या आठवड्यात पत्रकात सापडत नसे ते हिरमुसून जायचे, आणि बाई मनात नोंद करायच्या, पुढच्या शुक्रवारी याचं काहीतरी पाहिजे. त्यासाठी त्यांना वर्गाकडे नीट बघावं लागायला लागलं. रंगीत कागद सांगितले तर आता चोवीस जण आणायचे, कारण ती ओळ गोगलगायीच्या खालीच असायची. अंगठावाल्या वडिलांनी एका शुक्रवारी अंगठ्याच्या ऐवजी लिहिलं, 'आमचा इतका बोलतो?'

"काय जादू केलीत?" चित्रकलेचे सर म्हणाले.

बाईंनी सांगितलं नाही. दर शनिवारी सकाळी एका नंबरावरून एक ओळ यायची, तिची त्या वाट बघायच्या. 'पापण्या काढणारी माझी.' 'बुटाची नाडी दोन गाठींनी बांधणारी माझी.' 'डबा उघडण्याआधी वास घेते ती माझी.' एकदाही चुकली नाही. महिन्यातून दोन तास पोरीला बघणाऱ्या आईने एकदाही चूक केली नाही. बाई ती ओळ वाचायच्या, मग चहा करायच्या. नंतरचा रविवार दरवेळीसारखाच लांब असायचा, पण शनिवार आता तसा राहिला नव्हता.

चौथ्या रविवारनंतर एकदा फोन आला. "बाई, पुरले नाहीत," बिट्टीची आई म्हणाली, आणि हसली. "दोन तास पुरले नाहीत. गोगलगायीवरच सव्वा तास गेला."

त्यानंतरच्या बुधवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बाईंना खोलीत बोलावलं. समोर बिट्टीचे वडील बसले होते. कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, नखांच्या कडांना काळं तेल. उठून उभे राहिले, नमस्कार केला आणि परत बसले.

"तिला हे कुणी सांगितलं, एवढंच मला विचारायचं आहे," ते म्हणाले. "माझ्या बहिणीने नाही, मी नाही. रविवारी ती पोरीला विचारते, गोगलगायीचं काय झालं? गोगलगाय? आमच्या घरात कुणाला गोगलगाय माहीत नाही. आणि पोरगी लागली बोलायला. दोन तास बडबड. माझी बहीण समोर बसलेली, तिला एक अक्षर कळेना. आमच्याशी पोरगी चार शब्द बोलत नाही."

"ते पत्रकात होतं," बाई म्हणाल्या. "तुम्हालाही पाठवलं होतं."

"कामावर फोन बघायला मनाई आहे."

"दप्तरातही होतं."

बाईंनी तिथेच थांबायला हवं होतं. पण त्यांच्या हातात फाइल होती, आणि त्यांनी तिच्यातून चार पत्रकं काढून टेबलावर मांडली.

"यात तुमची मुलगी चार वेळा आहे. नाव नाही घातलेलं. कुठली ते सांगा."

त्यांनी वाचायला घेतलं. ओळीखाली बोट धरून, सावकाश. "ही," ते म्हणाले. "भांडण सोडवलं ती."

"ती दुसरी."

"मग ही. पळताना पडली आणि परत उठून पळाली."

"तीही नाही."

त्यांनी तिसऱ्या पत्रकावर बोट ठेवलं आणि उचललं. कानशिलं लाल झाली होती.

"बाई, पुरे," मोठ्या बाई हळू म्हणाल्या.

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. उत्तर न येणाऱ्या मुलाला फळ्यापाशी उभं करून ठेवावं तसं त्यांनी या माणसाला उभं केलं होतं. एकवीस वर्षांत वर्गात त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"ती एकदा पोरीला टाकून गेली होती, बाई," ते खाली बघत म्हणाले. "साडेपाच तास. मी आलो तेव्हा बिट्टी दाराशी झोपली होती, चप्पल घालून. तुम्हाला ते माहीत नाही. कागदावर लिहिलंय, शाळेचा व्यवहार माझ्याशी. तेवढंच करा. तिचा नंबर काढा."

मोठ्या बाईंनी मान हलवली. नियम तोच होता. बाईंनी त्यांच्यासमोरच फोन काढला आणि यादीतून तो नंबर पुसला. जाताना बिट्टीच्या वडिलांनी टेबलावरची चारही पत्रकं गोळा केली, घडी घालून खिशात ठेवली.

संध्याकाळी बाईंनी तिला फोन करून सांगितलं. वाफेचा आवाज, मग दाराचा आवाज.

"बरं झालं काढलात," बिट्टीची आई म्हणाली. "नाहीतर तुमच्या नोकरीवर आलं असतं. आणि त्यांचं चूक नाही, बाई. ते घाबरतात. मलाही माझीच भीती वाटते कधीकधी." मग म्हणाली, "आता मीही फोन करायला नको. ठेवते."

त्यानंतर शनिवारी सकाळी काही यायचं नाही. बाई तरी फोन बघायच्या. पत्रक त्या लिहीत राहिल्या. सव्वीस घरं आता ते वाचत होती, जे इतकी वर्षं हवं होतं तेच झालं होतं. पण लिहिताना समोर ज्या बाईला बसवून त्या बोलायच्या ती उठून गेली होती. दोन आठवडे पत्रकात परत नखं आली.

एक दिवस मोठ्या बाई म्हणाल्या, "ते तुमचं पत्रक बाहेरच्या फलकावर लावा. दुसऱ्या वर्गांचे पालकही मागतात. नावं नसतातच, तेव्हा कुणाची हरकत यायचं कारण नाही." त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागल्या. "फलक रस्त्याच्या बाजूला आहे. जाणारा-येणारा कुणीही वाचेल. त्याला आपण काय करणार?"

चष्मा बराच वेळ पुसला जात होता. बाई "बरं" म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

फलकाच्या काचेआड पहिलं पत्रक लागलं, त्या दिवसापासून बाई मधल्या सुट्टीत खिडकीशी उभ्या राहायला लागल्या. लोक थांबत, वाचत. पण कोण कोण होतं ते कसं कळणार? बिट्टीच्या आईचा त्यांनी चेहरा कधी पाहिलाच नव्हता, आवाज तेवढा ओळखीचा. फाटकावरच्या मामांना त्यांनी एकदा सहज विचारावं तसं विचारलं.

"येतात की एक जण," मामा म्हणाले. "शुक्रवारी, दुपारी अडीचला. तुमचा तास चालू असतो तेव्हा. घाईत असतात, पण शेवटपर्यंत वाचतात. एकदा मी म्हटलं, आत जा, बाईंना भेटा. तर नको म्हणाल्या, पोरीने बघितलं तर तिला घरी जाऊन खोटं बोलावं लागेल."

त्या आठवड्यापासून नखं परत गेली.

वर्ष संपलं. बिट्टी चौथीत गेली, वरच्या मजल्यावर. तिकडच्या बाई कडक होत्या, त्यांना पत्रकं-बित्रकं पसंत नव्हती. बाईंच्या हातात नवी सत्तावीस मुलं आली, त्यांचे नवे पालक, आणि परत पहिल्यापासून सगळं. पहिल्याच सोमवारी एका मुलाने पत्रकाची होडी करून आणली. चांगली झाली होती.

दुसऱ्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी बाईंच्या वर्गाला कवायत होती. त्या मैदानातून फाटकाशी आल्या, तर फलकासमोर एक बाई उभी होती. उंच, किडकिडीत, दंडावर इस्त्रीने भाजल्याचा जुना डाग. ओठ न हलवता वाचत होती.

"बिट्टीची आई?" बाई म्हणाल्या.

ती दचकली. मग आवाजावरून ओळखून हसली.

"अहो ताई, पण ती आता माझ्या वर्गात नाही," बाई म्हणाल्या. "यात ती नसते आता. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"माहीत आहे मला. चौथीत गेली." तिने काचेवर बोट टेकलं आणि काढून घेतलं. "सवय लागली हो. शुक्रवारी पाय इकडे वळतात."

रस्त्यावरून एक रिकामी बस गेली.

"रविवारी आता आत्या नसतात," ती म्हणाली. "तिचे बाबा माझ्या खोलीवर आणून सोडतात आणि बाहेर बाकावर बसतात. मागच्या वेळी आत आले. म्हणाले, तिला पुलांची चित्रं काढायला आवडतात, कागद आणून ठेवत जा. मला माहीत होतं. दोन वर्षांपासून माहीत होतं. मी म्हटलं, हो का? बरं झालं सांगितलंत."

"मग? आणलेत कागद?"

"आणले. मोठे आणले."

आत शिट्टी वाजली. बाईंनी वळून पाहिलं, मुलं रांग मोडायला लागली होती. 'एखाद्या रविवारी चहाला या' असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पहिले तीन रविवार तर तुम्हालाही मोकळे असतील, असंही. पण ती घड्याळ बघत होती.

"निघते, ड्यूटी सुरू होईल," ती म्हणाली. दोन पावलं जाऊन परत फिरली. "बाई, तो मागच्या आठवड्यात खोकणारा मुलगा, ज्याला सगळे पाणी आणून देत होते. त्याचा खोकला थांबला का?"

"थांबला. आता बाकीच्यांना झालाय."

"अरे देवा," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गेली.

बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मामांनी विचारलं, "ओळखीच्या होत्या?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि मैदानाकडे गेल्या.